मधलं सगळं

वेसवीच्या जेट्टीवर माझी टपरी.
पलीकडे बागमांडला, मध्ये खाडी,
आणि फेरीबोट येईस्तोवर माणसांना
काहीतरी गरम लागतं,
एवढंच माझं भांडवल.

याकूब सारंग येतो दुपार कलल्यावर.
एकतीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस.
पिशवीत बिस्किटांचे जुने डबे,
झाकणांवर उर्दूत बंदरांची नावं.
आतली कॉफी नवी;
नातू दोह्याच्या दुकानात आहे, तो पाठवतो.
"चहा नको. पाणी ठेव.
पी तू, आणि मला सांग."

तापात त्याचं नाक गेलं, त्याला दोन वर्षं झाली.
"आंबट कळतं," म्हणतो, "कडू कळतं.
मधलं सगळं गेलं."

मी काय सांगणार?
माझी धाव मंडणगडच्या बाजारापर्यंत,
एकदा महाड, तेही दवाखान्यात.
पाकिटावर छापलेलं असतं: जाई, संत्र्याची साल, ब्लूबेरी.
ब्लूबेरी त्यालाही ठाऊक नाही.
आल्याचा खलबत्ता दोनदा धुतला,
तरी आलं थोडं राहिलंच. बिया कुटल्या.

मोंबासा.
करवंद, म्हटलं. काळं नव्हे, अजून तांबूस,
ओठाला चीक लागतो ते.
सारंगाने मान डोलावली, जसं काही
मी त्याच्या ओळखीच्या माणसाचं नाव घेतलं.

सांतोस. काजूची बी भाजताना
टरफल पेटायच्या अगदी आधी.

सुमात्रा पिऊन मी बराच वेळ गप्प.
मग म्हटलं, उलटी करून ठेवलेली होडी,
तिच्याखाली लपायचो ना लहानपणी,
तिथला अंधार.
"बरोबर," तो म्हणाला. "तिथे पाऊस थांबतच नाही."

जिबुतीच्या डब्यात सुरंगी होती.
वेणीतली नाही.
झाडाखाली पडलेली, मुंग्या लागलेली.

मंगळूरचा डबा उघडण्याआधी त्याने गोष्ट सांगितली:
शिडाच्या जहाजांतून बी महिनोन्‌महिने जायची,
दमट हवेने फुगायची, पिवळी पडायची,
गोऱ्यांना तीच चव लागली.
पुढे जहाजं वेगाने धावू लागली
आणि चव हरवली.
म्हणून आता गोदामाची दारं उघडी टाकून
बियांना मुद्दाम खारा वारा देतात.
म्हणजे सुक्या बोंबलाचंच की, मी म्हटलं.
इतका हसला की खोकल्याने पाणी मागवलं.

हे सगळं मी उधारीच्या वहीत लिहिते.
मोंबासा – करवंद.
राऊत मास्तर – बारा रुपये.
मोखा – मनुका, ट्रंकेतली सतरंजी.
पंप्याचा मुलगा – दोन वडे, येत्या शनिवारी देतो म्हणाला.

एकदा विचारलं, चाचा, कॉफीचं झाड कसं असतं?
"बोटीवरून झाडं कुठली दिसतात?
पोती दिसायची. पोत्यांवर झोपलोय मी."

काल एक डबा निघाला, नाव नसलेला.
तळाशी मूठभर बी, वेडीवाकडी,
तव्यावर भाजलेली, एका बाजूने जास्तच.
प्यायले.
काहीच नाही सापडलं पटकन.
गवत. विहिरीचं पाणी. शेवटी जिभेवर मीठ.
"गोड?" त्याने विचारलं. पहिल्यांदाच
त्याने मला शब्द पुढे केला.
नाही, चाचा.
खाडीकडे बघत राहिला.
"जुलेखाने लावलं होतं, परसात, पोफळीखाली.
ती पण हेच म्हणायची,
याला काही चव नाही.
दर वर्षी वाळवायची मात्र."

फेरीबोटीचा भोंगा झाला.
ट्रकवाला ओरडला, दोन कटिंग, साखर कमी.
मी स्टोव्हला पंप मारला,
आणि वही उघडी ठेवली त्या पानावर,
गवत लिहून, विहीर लिहून,
पुढे काय म्हणायचं ते
अजून जिभेवर होतं.